एकत्र विचाराच्या कामी संगणकाचा उपयोग

कपाशीच्या शेतात कामगंध सापळे लावण्याची पद्धत आता बहुतेक गावांना परिचित झाली आहे. शेतकरी सकाळी शेतावर जातो, सापळ्यात अडकलेले गुलाबी बोंडअळीचे पतंग पाहतो आणि फवारणी करावी की थांबावे हे ठरवितो. शेजारच्या शेतातील सापळ्यात काय आढळले हे त्यास बहुधा ठाऊक नसते. ठाऊक झालेच तर ते पारावर किंवा कृषी सेवा केंद्राच्या दुकानात, दोन दिवस उशिरा आणि दोन पतंगांचे वीस होऊन. पतंग मात्र धुरा ओळखत नाही. एका रात्रीत तो या शेतातून त्या शेतात जातो. किडीचा प्रश्न असा साऱ्या शिवाराचा असतो आणि त्यावरील विचार मात्र ज्याचा त्याने केलेला असतो.

या विसंगतीची किंमत लहान नाही. सन २०१७ च्या खरीप हंगामात विदर्भात गुलाबी बोंडअळीने कपाशीची मोठी हानी केली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्या दुर्घटनेची कारणे अनेक होती, व ती सर्व येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. परंतु एवढे निश्चित की, अनावश्यक फवारणी ही केवळ पैशाची नासाडी नव्हे. पाठीवर पंप घेणाऱ्या माणसाच्या जिवाशी तिचा संबंध आहे. फवारणी कोठे हवी आणि कोठे नको, हे शिवाराने मिळून ठरविणे म्हणूनच अगत्याचे आहे.

संगणक या कामी कितपत उपयोगी पडेल, असा प्रश्न ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांकडून विचारला जातो. खिशातील मोबाईल हा संगणकच होय आणि तो आता गावोगावी पोहोचला आहे. तरीही अनुभव असा की, गावाच्या मोबाईल गटावर सकाळी कोणी अळीचे छायाचित्र पाठविले तर ते दुपारपर्यंत सुप्रभाताच्या आणि वाढदिवसाच्या संदेशांखाली गाडले जाते. यंत्र आले, निरोप वाढले. विचार मात्र एकत्र झाला नाही. असे का होते, याचा उलगडा संगणकाच्या इतिहासातील एका अभियंत्याच्या कार्यावरून चांगला होतो. आज प्रत्येक कार्यालयात दिसणारा संगणकाचा माऊस त्यांनीच कल्पिला. पण त्यांची खरी धडपड त्याहून मोठ्या गोष्टीसाठी होती.

शेतवाडीवर वाढलेला अभियंता

डग्लस एंगेलबार्ट यांचा जन्म सन १९२५ मध्ये अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात पोर्टलँड येथे झाला. ते नऊ वर्षांचे असताना वडील वारले. शहराजवळच्या एका लहानशा शेतवाडीवर त्यांचे बालपण गेले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस नौदलातील रडार तंत्रज्ञ म्हणून ते फिलिपाइन्समध्ये होते. तेथे त्यांच्या वाचनात वनेव्हर बुश या शास्त्रज्ञांचा सन १९४५ मधील एक लेख आला. ज्ञान एवढे वाढले आहे की हवे ते हवे तेव्हा सापडेनासे झाले आहे, आणि माणसाच्या विचाराला साथ देणारे यंत्र निर्माण केले पाहिजे, असा त्या लेखाचा आशय होता.

परतल्यावर एंगेलबार्ट यांना नोकरी चांगली मिळाली. सन १९५० च्या अखेरीस त्यांचा विवाह ठरला आणि पुढील आयुष्य कशासाठी वेचावे, या विचारात ते पडले. त्यांना असे दिसले की मानवजातीपुढील प्रश्न दिवसेंदिवस अधिक गुंतागुंतीचे व अधिक तातडीचे होत आहेत. ते सोडविण्याची माणसांची सामुदायिक शक्ती मात्र त्या वेगाने वाढत नाही. ती शक्ती वाढविणे हेच आयुष्याचे काम, असे त्यांनी ठरविले. त्या काळी संगणक म्हणजे खोली व्यापणारे, आकडेमोड करणारे यंत्र. त्यासमोर बसून अनेक माणसांनी एकत्र विचार करावा ही कल्पना पुष्कळांस चमत्कारिक वाटली असल्यास नवल नाही.

कॅलिफोर्नियातील मेनलो पार्क येथील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत असताना, सन १९६२ मध्ये, त्यांनी मानवी बुद्धीचे सामर्थ्य वाढविण्यासंबंधी एक विस्तृत अहवाल लिहिला. त्यातील एक प्रयोग अगदी साधा, पण फार बोलका आहे. त्यांनी पेन्सिलीला एक वीट बांधली आणि त्या पेन्सिलीने एक वाक्य लिहवून घेतले. तेच वाक्य टंकलेखन यंत्रावर ७ सेकंदांत उमटले होते, हाताने लिहिण्यास २० सेकंद लागले. विटेच्या पेन्सिलीने ६५ सेकंद लागले, आणि अक्षरेही वेडीवाकडी आली. प्रश्न केवळ वेगाचा नव्हता. ज्या समाजाला विटेइतक्या जड पेन्सिलीनेच लिहावे लागेल, तो समाज लांब पत्रे लिहिणार नाही, लिहिलेले खोडून पुन्हा लिहिणार नाही, हिशेब मांडणार नाही, आणि अखेर त्याच्या विचाराची घडणही निराळी होईल. साधन जड असेल तर विचारही तेथेच अडून राहतो, हे त्यांना दाखवावयाचे होते.

साधन एकटे येत नाही

मात्र हलके साधन मिळाले की विचार आपोआप सुधारतो, असे त्यांनी म्हटले नाही. हाच भाग ग्रामस्तरीय कार्यकर्त्याने नीट ध्यानात घेण्याजोगा आहे. माणसाची काम करण्याची शक्ती चार गोष्टींच्या जुळणीतून येते, असे त्यांचे प्रतिपादन होते : तो जी भाषा वापरतो ती, हाती असलेली साधने, काम करण्याची पद्धती, आणि या तिन्हींचे त्याला मिळालेले शिक्षण. यांपैकी एकच बदलली आणि इतर तीन जुन्याच राहिल्या, तर नवे साधन कोपऱ्यात पडून राहते किंवा जुनेच काम थोडे लवकर उरकते.

शेतकऱ्यास हे नवे नाही. तिफणीऐवजी ट्रॅक्टरचे पेरणी यंत्र आणले आणि दोन ओळींतील अंतर बदलले, की जुने कोळपे त्या ओळींत बसत नाही. कोळपे बदलले तर बैलांचे जू बदलावे लागते, नाही तर औत हाकणाऱ्याने पीक तुडविलेच म्हणून समजावे. नवी पाभर विकत घेणे सोपे असते. तिच्याभोवतीची सारी घडी पुन्हा बसविणे कठीण. विस्तार कार्यात जी साधने फसली, त्यांतील बरीचशी या कारणाने फसली आहेत.

सन १९६८ चे प्रात्यक्षिक

एंगेलबार्ट व त्यांचे सहकारी यांनी पुढील काही वर्षांत आपली यंत्रणा उभी केली. पडद्यावरील हव्या त्या शब्दावर चटकन बोट ठेवता यावे म्हणून सन १९६४ मध्ये त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनी लाकडाची एक डबी तयार केली. तिच्या तळाशी दोन चाके होती व माथ्यावर एक कळ. हाच पहिला माऊस.

दिनांक ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील संगणक परिषदेत त्यांनी दीड तासाचे प्रात्यक्षिक करून दाखविले. नुसत्या व्याख्यानाने न पटणारी गोष्ट प्रात्यक्षिकाने पटते, हे विस्तार कार्यकर्त्यास सांगावयास नको. मोठ्या पडद्यासमोर सुमारे एक हजार तज्ज्ञ बसले होते. प्रत्यक्ष यंत्र मेनलो पार्कला, सुमारे तीस मैल दूर होते. एंगेलबार्ट यांनी उदाहरण घेतले ते घरच्या बाजारहाटाचे. केळी, गाजरे अशी यादी त्यांनी पडद्यावर लिहिली. मग तिची वर्गवारी केली. फक्त मुख्य शीर्षके दाखविली, हव्या त्या शीर्षकाखालील तपशील उघडला. आणि शेवटी घरी जाताना वाटेत कोठे कोठे थांबावयाचे, याचा एक नकाशा काढून त्यातील एकेका ठिकाणावर बोट ठेवताच त्या ठिकाणचे काम पडद्यावर आणले. नंतर मेनलो पार्कमध्ये बसलेला सहकारी पडद्याच्या एका कोपऱ्यात दिसू लागला. दोघे एकमेकांशी बोलत एकाच मजकुरावर काम करू लागले. एकाने दाखविलेला शब्द दुसऱ्यास दिसत होता. प्रात्यक्षिक संपताच सभागृह उठून उभे राहिले.

त्यांच्या यंत्रणेत पुढे सन १९७० च्या सुमारास एक सामाईक नोंदवहीही आली. तिच्यात एकदा केलेली नोंद पुसता येत नसे. प्रत्येक नोंदीस क्रमांक असे. मत बदलले तर नवी नोंद करावयाची आणि तिच्यात जुन्या नोंदीचा क्रमांक द्यावयाचा. कोणी काय म्हटले, केव्हा म्हटले आणि पुढे ते का बदलले, हे सर्व त्यामुळे राहत असे. तलाठ्याच्या फेरफाराशी परिचित असलेल्या शेतकऱ्यास या पद्धतीचे महत्त्व समजण्यास वेळ लागू नये. जुना फेरफार कोणी खोडीत नाही. नवा फेरफार घातला जातो.

पुढची हकिगत थोडी खिन्न करणारी आहे. ही यंत्रणा शिकण्यास अवघड आहे अशी तक्रार झाली. एंगेलबार्ट यांचे उत्तर असे की, तीनचाकी सायकल कोणासही लगेच चालविता येते, दोनचाकी शिकताना माणूस पडतो. म्हणून काय मोठ्या माणसांनी जन्मभर तीनचाकीवरच बसावे? उत्तर योग्य होते, परंतु शिकण्याचे कष्ट घेणारे थोडे निघाले. त्यांचे अनेक सहकारी दुसऱ्या संशोधन केंद्रात गेले, अनुदान आटले आणि सत्तरीचे दशक संपण्यापूर्वीच यंत्रणा एका कंपनीस विकली गेली. जगाने माऊस उचलला, पडद्यावरच्या खिडक्या उचलल्या. एकत्र विचार करण्याची शिस्त मात्र तेथेच टाकली. सन १९९७ मध्ये त्यांना संगणकशास्त्रातील ट्युरिंग पुरस्कार मिळाला. दिनांक २ जुलै २०१३ रोजी ते निवर्तले. त्यांनी जे सांगितले त्याचा अर्धा भागच जगाने ऐकला, असे म्हणण्यास हरकत नाही, आणि राहिलेला अर्धा भागच गावाच्या उपयोगाचा आहे.

महाराष्ट्रातील दोन अनुभव

आपल्या राज्यात खेड्यांत संगणक नेण्याचा एक मोठा प्रयत्न सन १९९८ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगर परिसरात झाला. वारणा सहकारी समूहाच्या क्षेत्रातील सुमारे ७० गावांत संगणक पोहोचविण्याची ती योजना होती. शेतीविषयक माहिती, बाजारभाव, दाखले अशा अनेक सेवांची कल्पना होती. प्रत्यक्षात केंद्रांचा मुख्य उपयोग झाला तो ऊस कारखान्याशी असलेल्या व्यवहाराच्या नोंदींसाठी. आणि हे काम मोबाईलवरील लहान संदेशांनीही होऊ शकते, असे पुढे एका प्रयोगात दिसून आले. उसाचे वजन व हिशेब वेळेवर कळणे ही लहान सोय नव्हे, तिला नावे ठेवू नयेत. पण ते माहिती पोहोचविणे झाले. त्याने गाव एकत्र बसून विचार करू लागले, असे म्हणता येणार नाही.

दुसरा अनुभव किडींच्या सर्वेक्षणाचा आहे. सन २००८ च्या खरिपात विदर्भ व मराठवाडा या भागांत सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा मोठा उद्रेक झाला. तो लक्षात येईपर्यंत पुष्कळ पीक गेले होते. त्यानंतर २००९-१० पासून कृषी विभागाने राष्ट्रीय संशोधन संस्था व राज्यातील कृषी विद्यापीठे यांच्या साहाय्याने कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प सुरू केला. क्रॉपसॅप या नावाने तो ओळखला जातो. निवडलेल्या शेतांत ठरलेल्या पद्धतीने अळ्या, पतंग व रोगट झाडे मोजावयाची. आकडे संगणकात भरावयाचे. विद्यापीठातील तज्ज्ञांनी ते पाहून सल्ला द्यावयाचा, असा त्याचा क्रम. यात सर्वांनी एकच भाषा वापरली, एकच पद्धत पाळली आणि मोजणाऱ्यांना शिक्षण दिले गेले. म्हणून यंत्रास अर्थ आला. एंगेलबार्ट यांच्या चारही गोष्टी येथे एकत्र आलेल्या दिसतात.

तरीही एक पायरी उरते. शेतातील आकडा वर जातो, सल्ला खाली येतो. तालुक्याचे चित्र तज्ज्ञांस दिसते, परंतु आपल्या शिवाराचे चित्र गावाने स्वतः पाहिलेले नसते. ती पायरी गावातच, गावाच्या हातांनी बांधता येते. त्यासाठी एक मोबाईल, एक सामाईक तक्ता आणि थोडी चिकाटी पुरे.

दहा सापळ्यांचा हिशेब

समजा, एका शिवारात दहा शेतकऱ्यांनी प्रत्येकी एकेका सापळ्याची नोंद देण्याचे कबूल केले. गुलाबी बोंडअळीच्या बाबतीत शिफारस अशी आहे की, सलग तीन रात्री दर सापळ्यात दर रात्री ८ पतंग आढळले, किंवा १० टक्के फुले वा हिरवी बोंडे किडलेली दिसली, तर आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असे समजावे. पहिल्या सकाळी आठ सापळ्यांत प्रत्येकी ३ पतंग आढळले. उरलेल्या दोन सापळ्यांत प्रत्येकी २८. एकूण ८० पतंग, दहा सापळे, सरासरी नेमकी ८.

आता सरासरीच पाहणारा मनुष्य काय म्हणेल? आणखी दोन रात्री हेच आकडे आले की तो साऱ्या शिवारास फवारणी सांगेल. दहापैकी आठ शेतांवर विनाकारण विष पडेल, आठ शेतांत मजूर विनाकारण पंप पाठीवर घेतील आणि मित्रकीटकही मरतील. उलट, प्रत्येकाने आपापलाच सापळा पाहिला तर दोघे घाबरून फवारतील, आठ जण निश्चिंत राहतील, आणि त्या दोनच शेतांत एवढे पतंग का, हा प्रश्न कोणीच विचारणार नाही.

तक्ता मांडून तो शिवाराच्या नकाशाशेजारी ठेवला की मात्र हा प्रश्न आपोआप समोर येतो. ती दोन शेते एकमेकांस लागून आहेत आणि त्यांच्या पलीकडे जिनिंगचा कारखाना आहे, हे नकाशात दिसते. साठविलेल्या कपाशीतून व सरकीतून निघालेले पतंग जवळच्या शेतांत प्रथम उतरतात, ही माहिती शास्त्रज्ञांस पूर्वीपासून आहे. गावाला ती आता आपल्या आकड्यांतून मिळाली. तिसऱ्या दिवशी त्या दोन शेतांच्या अलीकडच्या सापळ्यात ३ चे ७ झाले तर किडीची वाट कोणत्या दिशेने आहे तेही कळले. मग बैठकीत ठरविण्याची गोष्ट बदलते. सर्वांनी फवारावे की नाही, हा प्रश्न मागे पडतो. कारखान्याच्या आवारातील कचरा व किडकी सरकी नष्ट करण्याविषयी मालकाशी कोणी बोलावे, तेथे जादा सापळे कोणी लावावेत, आणि कोणत्या तीन शेतांत आज बोंडे फोडून पाहावीत, हे प्रश्न पुढे येतात.

बोंडे फोडून पाहणे टाळू नये. कामगंध सापळ्यात फक्त नर पतंग येतात. बोंडात अळी आहे की नाही, हे बोंडच सांगते. एकरी वीस हिरवी बोंडे निरनिराळ्या झाडांवरून घेऊन फोडावीत. दोन किंवा अधिक बोंडांत जिवंत अळी आढळल्यास दहा टक्क्यांची पातळी गाठली. वरील उदाहरणात दोन शेतांत वीसपैकी तीन बोंडे किडलेली निघाली आणि तिसऱ्या शेतात एक निघाले, तर दोन शेतांत शिफारशीप्रमाणे उपाय करावा व तिसऱ्यात थांबून पुन्हा पाहावे. संगणकाने येथे कोणताही निर्णय दिला नाही. विखुरलेली दहा जणांची निरीक्षणे त्याने एका नजरेत आणून ठेवली, एवढेच.

शून्य आणि रिकामा रकाना

अशा तक्त्याचे यश लहानसहान गोष्टींवर अवलंबून असते, आणि त्यांतील पहिली म्हणजे शब्दांचा अर्थ. एक जण सापळ्यातील सर्व कीटक मोजतो, दुसरा फक्त गुलाबी बोंडअळीचे पतंग मोजतो. एक जण रोज सापळा रिकामा करतो, दुसऱ्याच्या सापळ्यात आठवड्याचे पतंग साठलेले असतात. दोघांनीही १२ लिहिले तरी ते बारा एक नव्हेत. म्हणून हंगामाच्या आरंभी एका शेतावर सर्वांनी जमावे. पतंग ओळखावा, डोमकळी कशास म्हणावे हे झाडावर पाहावे, सापळा कोणत्या वेळी पाहून रिकामा करावा हे ठरवावे. या एका सकाळी जे होते ते पुढे दहा संदेशांनी होत नाही.

दुसरी गोष्ट शून्याची. ज्याने सापळा पाहिला आणि ज्याला एकही पतंग मिळाला नाही, त्याने ० लिहावे. जो शेतावर गेलाच नाही, त्याने रकाना रिकामा ठेवावा. घरी बसून ० भरणारा मनुष्य आपल्या शेजाऱ्यास फसवितो, आणि हे पाप त्याच्या ध्यानीही येत नाही. एकाच सापळ्यात सतत ० येत असेल आणि भोवतीच्या सापळ्यांत पतंग येत असतील, तर गंधगोळी जुनी झाली असण्याचा संभव अधिक. ती दिलेल्या मुदतीत बदलली की नाही, यासाठी तक्त्यात एक रकाना असावा.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी येथे स्वतःशी प्रामाणिक राहिले पाहिजे. वरून आकडे मागितले जातात, वेळ थोडा असतो, आणि मागील आठवड्याचा आकडा थोडा फिरवून भरण्याचा मोह होतो. कागदाच्या वहीत असा आकडा वहीतच पडून राही. सामाईक तक्त्यात तो क्षणात सर्वांच्या विचारात मिसळतो. रिकाम्या रकान्याबद्दल कोणास दोष दिला जाणार नाही, असे अधिकाऱ्यांनी आधीच सांगितले तर खोटे आकडे पुष्कळ कमी होतील.

कोणाचे डोळे मोजले जातात

मोबाईल बहुधा घरातील तरुण मुलाच्या हाती असतो. कपाशीच्या ओळीत दिवसभर वाकून निंदण करणाऱ्या बाया मात्र झाड जितक्या जवळून पाहतात तितके कोणी पाहत नाही. फूल नीट उमलले नाही, पाकळ्या गुंडाळल्यासारख्या राहिल्या, हे प्रथम त्यांच्याच दृष्टीस पडते. ती बातमी तक्त्यात जात नाही, कारण तक्त्यात तिला जागा नसते आणि बाईला कोणी विचारलेले नसते. आकड्यांच्या रकान्यांशेजारी एक शेऱ्याचा रकाना ठेवावा. सायंकाळी मुलाने आईस किंवा मजूर बाईस, आज काय दिसले, म्हणून विचारावे व ऐकलेले तिच्याच शब्दांत लिहावे. बोलून पाठविण्याची सोय मोबाईलवर असल्याने लिहिता न येणे हीदेखील आता अडचण राहिलेली नाही.

ज्यांच्याजवळ मोबाईल नाही, त्यांच्यासाठी ग्रामपंचायतीच्या भिंतीवरील फळ्यावर दहा सापळ्यांचे दहा आकडे रोज लिहावेत. फळ्यासमोर उभे राहून चार माणसे जे बोलतात ते मोबाईलच्या पडद्यासमोर एकटा मनुष्य बोलत नाही. फळा जुना म्हणून त्यागावा, असे संगणकाच्या भरात कोणास वाटल्यास ते बरोबर नाही.

अलीकडे प्रश्न विचारताच स्वतःच उत्तर देणारी संगणक यंत्रणाही निघाली आहे. शेतकऱ्यास त्याच्या भाषेत ती सल्ला देते, आणि रात्री अकरा वाजता विचारले तरी कंटाळत नाही. तिचा उपयोग जरूर करावा. मात्र दहा शेतकऱ्यांनी तिला दहा वेळा वेगवेगळे विचारले तर पुन्हा दहा वेगवेगळे विचारच झाले. गावाचा तक्ता तिच्यापुढे ठेवून, यात कोणते आकडे संशयास्पद दिसतात, कोणत्या शेतात आधी जावे, असे बैठकीत सर्वांदेखत विचारणे अधिक लाभाचे. तिचे उत्तर हे आणखी एका जाणत्या माणसाचे मत समजावे आणि बोंड फोडून पडताळावे.

निर्णयाची नोंद

आठवड्यातून एक दिवस, शक्यतो बाजाराच्या आदल्या सायंकाळी, सर्वांनी तक्त्यासमोर बसावे. जे ठरले ते आणि ते का ठरले, या दोन्ही गोष्टी तारखेसह नोंदवाव्यात. कोणाचे मत निराळे असेल तर तेही त्याच्या नावासह लिहावे. अमुक शेतकऱ्याचे म्हणणे, पाऊस येणार असल्याने फवारणी वाया जाईल. इतरांचे म्हणणे, दोन दिवस थांबणे धोक्याचे. ठरले असे की फवारणी करावी. पाऊस आला आणि औषध धुऊन गेले, तर ही नोंद कोणाचा पाणउतारा करण्यासाठी नसून पुढील खेपेस हवामानाचा अंदाज आधी पाहण्यासाठी आहे. जुनी नोंद पुसू नये. चूक झाली असल्यास खाली नवी नोंद करावी व जुनीचा क्रमांक द्यावा.

एंगेलबार्ट कामाचे तीन थर मानीत. पहिला थर म्हणजे रोजचे काम. दुसरा, ते काम सुधारण्याचे काम. तिसरा, सुधारणा करण्याची आपली रीत सुधारणे. शेत पिकविणे हा पहिला थर. सापळे, तक्ता व बैठक हा दुसरा. पाच-सहा गावांच्या कार्यकर्त्यांनी महिन्यातून एकदा जमून, कोणाच्या तक्त्यात रिकामे रकाने अधिक राहिले, कोणत्या गावात बाया बोलू लागल्या, कोठे शेऱ्याचा रकाना उपयोगी पडला, हे एकमेकांस दाखविणे हा तिसरा. हा तिसरा थर नेहमी राहून जातो, कारण त्याचा आकडा कोणी मागत नाही. तालुक्याच्या मासिक सभेत अहवाल वाचून झाल्यावर अर्धा तास यासाठी राखून ठेवता येईल.

हंगाम संपला, पऱ्हाटी उपटून शेत मोकळे झाले, की तक्ता बंद करून टाकण्याची घाई करू नये. त्याची एक छापील प्रत ग्रामपंचायतीत ठेवावी आणि संकेतशब्द किमान दोन व्यक्तींजवळ असावा, कारण तक्ता मांडणारा उत्साही तरुण नोकरीसाठी पुण्यास गेला म्हणजे तक्ताही त्याच्याबरोबर जातो. कोणी फरदड ठेवली, कोणी डिसेंबरअखेर शेत रिकामे केले, कोणाच्या घरामागे पऱ्हाटीचे ढीग राहिले, याचीही नोंद शेवटी करावी. पुढील जून महिन्यात पेरणीपूर्वीच्या बैठकीत हा तक्ता प्रथम उघडावा, आणि नवे सापळे कोठे लावावयाचे ते त्यावरून ठरवावे.